सिंगापूरला काय बघायचं, हे अंबाझरीवर ठरलं

टूर कंपनीच्या ब्रोशरवर ठळक अक्षरांत 'एज्युकेशनल टूर' छापलं होतं. आत कार्यक्रम असा: एक अख्खा दिवस युनिव्हर्सल स्टुडिओ, एक दिवस सेंटोसा आणि केबल कार, एक संध्याकाळ नाइट सफारी, एक दिवस खरेदी, आणि परतीच्या दिवशी विमानतळावर जाण्याआधी दोन तास सायन्स सेंटर. त्या दोन तासांच्या जोरावर सगळी सहल शैक्षणिक! कंपनीचा माणूस स्वभावाने बरा होता. म्हणाला, "मॅडम, सगळ्या शाळा हेच घेतात. पालकांना फोटो पाहिजे असतात."

मी नागपुरातल्या एका शाळेत आठवी-नववीला भूगोल शिकवते. मुलांना परदेशी न्यायची कल्पना संस्थेच्या मंडळींची. शहरातल्या दोन-चार मोठ्या शाळा दुबई-सिंगापूर करून आल्या, मग आपण काहून मागे राहायचं, एवढाच त्यामागचा विचार. मला त्यात पडायचं नव्हतं. पण न्यायचंच असेल तर काय बघायचं ते मी ठरवणार, ही अट मी घातली आणि मुख्याध्यापक सरांनी ती लगेच मान्य केली. दुसरं कोणी हे लोढणं गळ्यात घ्यायला तयार नव्हतं, हेही त्यामागचं एक कारण असावं.

विषय शोधत बसावं लागलं नाही. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे नागपुरात काही तासांत शंभर मिलिमीटरच्या वर पाऊस पडला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीचं पाणी अंबाझरी लेआउट, डागा लेआउट, कॉर्पोरेशन कॉलनी करत थेट मोरभवनच्या बसस्थानकात शिरलं. आमच्याकडची बरीच मुलं त्या वस्त्यांतली. एकीच्या घरातला फ्रिज आडवा होऊन स्वयंपाकघरातून हॉलमध्ये आला होता. एकाच्या आजीला बोटीतून काढावं लागलं. त्यानंतर वर्गात नदीप्रणालीचा धडा काढला की पुस्तक बाजूलाच राहायचं. तलावाला दरवाजे का नाहीत, नदीला भिंती बांधल्या तर पाणी घरात कसं आलं, पाऊस इतका पडतो तर उन्हाळ्यात टँकर का लागतो, असे प्रश्न. आणि सिंगापूर तर पाण्याची अडचण सोडवता सोडवताच उभं राहिलेलं शहर. तिथे वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, नागपूरच्या जवळपास दुप्पट, पण साठवायला जागा नाही. १९६५ मध्ये मलेशियापासून वेगळे झाले तेव्हा प्यायचं पाणी बव्हंशी शेजारच्या जोहोरमधून यायचं. १९६२ चा जो करार आहे तो २०६१ मध्ये संपतो. ती तारीख डोळ्यांसमोर ठेवून त्या देशाने धरणं, नाले, गटारं, समुद्र, सगळ्याकडे पाणी म्हणून बघायला सुरुवात केली. माझ्या पोरांना बघण्यासारखं तिथे हे होतं.

मग पेन्सिल घेऊन बसले. युनिव्हर्सल काटलं, केबल कार काटली, खरेदीचा दिवस काटला. मरीना बराज हा खाडीवरचा बांध, नाल्याची पुन्हा नदी केलेला बिशान पार्क आणि शहराची प्रतिकृती असलेली सिटी गॅलरी घातली. यातल्या बहुतेक ठिकाणी शिरायला पैसेच पडत नाहीत, आणि कंपनीच्या कार्यक्रमात ती का नव्हती याचं उत्तर मला तिथेच मिळालं. ब्रोशरमध्ये 'लोकल स्कूल व्हिजिट' अशीही एक ओळ होती. तिथलं शालेय वर्ष जानेवारीत सुरू होऊन नोव्हेंबरात संपतं. आमच्या दिवाळीच्या सुट्टीत तिथल्या शाळा वर्षाची आवराआवर करत असतात. कोणती शाळा, कोणत्या वर्गासोबत, किती वेळ, एवढं विचारल्यावर ती ओळ पुढच्या कोटेशनमधून निघून गेली.

पालकसभा मात्र सोपी गेली नाही. "युनिव्हर्सल नाही तर मग सिंगापूरले जायचंच काहून? नाला बघायले?" असं एका बाबांनी उभं राहून विचारलं आणि हॉल हसला. मीही हसले, कारण प्रश्न रास्त होता. मी सांगितलं की तिकीट माणशी पाचेक हजारांचं आहे, दिवस पूर्ण जातो, आणि तो झोपाळा तुम्ही कुटुंबासोबत जाल तेव्हाही तिथेच असेल. एका आईने मध्येच विचारलं, "मॅडम, पण पोरं कंटाळतील ना जी?" कंटाळतील, थोडी कंटाळायला हरकत नाही, असं म्हटलं. शेवटी एक संध्याकाळ गार्डन्स बाय द बे ठेवली, तिथल्या त्या झाडांच्या आकाराच्या उंच मनोऱ्यांच्या, म्हणजे सुपरट्रींच्या, दिव्यांसाठी. इतकं ऐकावं लागतंच.

खरी चर्चा झाली ती पैशांवर. कोटेशनमध्ये लिहिलं होतं, 'दर पंधरा विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक मोफत'. या धंद्यात मोफत असं काही नसतं; शिक्षकाचं तिकीट मुलांच्या रकमेत विरघळवलेलं असतं. मी ते वेगळं काढून दाखवायला लावलं आणि सभेत वाचलं. माझ्याच दोन सहकाऱ्यांना ते आवडलं नाही. शिक्षकांचा खर्च मग संस्थेने उचलला.

दुसरी गाठ टीसीएसची, म्हणजे बिलासोबतच वसूल होणाऱ्या आणि नंतर परत मागता येणाऱ्या आयकराची. परदेशी टूर पॅकेजवर तेव्हा माणशी सात लाखांपर्यंत ५ टक्के आणि त्यावर २० टक्के टीसीएस कापला जायचा. कंपनी सोयीसाठी सगळं बिल शाळेच्या नावाने करायला निघाली होती. तीसेक मुलांचे पैसे एकाच पॅनवर गेले असते तर सात लाखांची रेघ पहिल्या सात-आठ मुलांतच ओलांडली गेली असती आणि बाकीच्यांना वीस टक्के लागले असते. वर ते परत मागायला पालकांकडे कागदच नसता. आमच्या अकाउंट्सच्या ताईंनी हे पकडलं. मग प्रत्येक पालकाच्या पॅनवर वेगळी पावती झाली. सहलीचं काम अंगावर घेणाऱ्या कोणत्याही शिक्षकाला मी पहिल्यांदा हेच विचारायला सांगते. मुक्काम कुठल्या हॉटेलात हे नंतर.

पासपोर्टने आमचा उन्हाळा खाल्ला. अठरा वर्षांखालच्या मुलाचा पासपोर्ट तसा साधा असतो: हजार रुपये फी, आईवडिलांचं परिशिष्ट 'ड' प्रमाणे लिहून दिलेलं संमतिपत्र, जन्माचा दाखला, आधार. सगळं अडतं ते दाखल्यावर. एका मुलाच्या जन्मदाखल्यावर नावच नव्हतं. खेड्यात जन्म, नोंद झाली, बारसं नंतर झालं आणि नाव घालायला कोणी परत गेलंच नाही. शाळेत तो नऊ वर्षं ज्या नावाने ओळखला गेला ते नाव सरकारी कागदावर पहिल्यांदा त्या मे महिन्यात आलं. एका मुलीच्या दाखल्यावर आईचं माहेरचं नाव, आधारवर सासरचं. एकीचे आईवडील वेगळे राहत होते. तिच्यासाठी परिशिष्ट 'क', म्हणजे एकाच पालकाच्या सहीचं पत्र, आणि त्याआधी आईसोबत शाळेच्या ऑफिसात दार लावून बराच वेळ बोलणं. ज्यांच्या आईवडिलांकडे पासपोर्ट नव्हता त्यांच्याकडे पोलीस तपासणीला आले. इमामवाड्यातल्या एका घरी शिपाई पत्ता विचारत आला तेव्हा सगळी गल्ली जमा झाली. पोराने काय केलं हे कोणीच विचारलं नाही. सगळ्यांनी गृहीत धरलं. "त्यानंतर आठ दिवस मले लोक जरा आदरानेच बघत होते," असं तो मुलगा अजून सांगतो.

परवानगीसाठी शिक्षण विभागात गेले तर तिथल्या बाबूंनी सवयीने विचारलं, "एसटी बुक केली का?" मग अर्ज वाचला, चष्मा काढला आणि पुन्हा वाचला. परवानगी मिळाली, पण हमीपत्रांची चळत घेऊन.

आणि सगळं जुळल्यावर विधानसभेची निवडणूक लागली. २०२४ ची, मतदान २० नोव्हेंबरला. सोबत येणाऱ्या सरांच्या नावाने प्रशिक्षणाचा आदेश आला आणि प्रशिक्षणाची तारीख नेमकी आमच्या प्रवासातली. निवडणुकीचं काम नाकारता येत नाही हे प्रत्येक शिक्षकाला ठाऊक असतं. सरांनी पासपोर्ट, तिकीट, संमतिपत्रं असं सगळं घेऊन तीन टेबलं पालथी घातली आणि तारीख बदलून आणली. तोवर मी बदली शिक्षकाच्या व्हिसाची कागदं तयार करून ठेवली होती.

व्हिसाचं काम त्यामानाने हलकं. सिंगापूरचा व्हिसा मान्यताप्राप्त एजंटामार्फतच लागतो; फॉर्म १४ अ, सहा महिने तरी शिल्लक असलेला पासपोर्ट, पांढऱ्या पार्श्वभूमीवरचा फोटो. शाळेच्या ओळखपत्राचे निळ्या पडद्यावरचे फोटो आणून देणारे निघालेच. तिथे पोहोचण्याच्या तीन दिवस आत ऑनलाइन अरायव्हल कार्ड भरायचं असतं. ते फुकट आहे. आम्ही ते शाळेच्या संगणक खोलीत मुलांकडूनच भरून घेतलं. स्वतःचा पासपोर्ट नंबर, विमानाचा नंबर, राहण्याचा पत्ता स्वतः टाइप केला की पुढे विमानतळावर कोणी "मॅडम, माझं काय लिहायचं?" असं विचारत नाही.

जाण्याआधी आम्ही नागपूर बघितलं, आणि माझ्या मते सहल तिथेच सुरू झाली. अंबाझरीच्या ओव्हरफ्लोपासून नाग नदीच्या कडेने चालत सीताबर्डीपर्यंत आलो. मुलांच्या घरी तिला नदी कोणी म्हणत नाही, 'नाला' म्हणतात. ज्या नदीवरून शहराचं नाव पडलं तिची ही गत. कुठे भिंत उंच, कुठे पात्रात बांधकाम, कुठे पुलाखाली प्लास्टिकचा ढीग, हे वहीत टिपलं. मग गोरेवाड्याला पेंच धरणाचं पाणी शुद्ध होताना पाहिलं. भांडेवाडीला सांडपाणी प्रक्रिया केंद्र पाहिलं. तिथे नाकाला रुमाल लावून उभ्या असलेल्या मुलांना कळलं की शहराचं रोजचं कोट्यवधी लिटर सांडपाणी शुद्ध होऊन कोराडीच्या वीज केंद्राला जातं, आणि तेवढं पेंचचं पाणी प्यायला वाचतं. घरात संडासाची टाकी ओढतो ते पाणी पंख्याच्या विजेत जातं म्हणे. या एका वाक्याने पुढचे आठ दिवस वर्गात धुमाकूळ घातला.

बॅगा शाळेत उघडून तपासल्या. केबिन बॅगेत ठेच्याची बरणी आणि लोणचं निघालं. ती मोठ्या बॅगेत गेली. आयांनी दिलेल्या खोकल्याच्या औषधांची लेबलं वाचली, कारण कोडीन असलेल्या औषधांवर तिथे बंधनं आहेत. च्युइंगम १९९२ पासून बंद. आणि तोंडात टाकायची तंबाखूही नेता येत नाही, हे मी मुलांच्या बैठकीत मुद्दाम मोठ्याने वाचलं. मुलं माझ्याकडे न बघता एका सरांकडे बघू लागली. सरांचा तंबाखू-सुपारीचा खर्रा उभ्या शाळेला माहीत आहे. त्यांनी मुंबईच्या विमानतळाबाहेर शेवटची पुडी संपवली आणि पुढचे दिवस बडीशेप चघळत काढले. चिडचिड झाली, पण पडून नाही राहिले.

मोबाइल न्यायचा नाही असं ठरलं तेव्हा मुलांपेक्षा पालक जास्त रागावले. तोडगा असा: सकाळी एक आणि रात्री एक, असे दोन संदेश शिक्षक ग्रुपवर टाकतील, मधल्या वेळात कोणी विचारायचं नाही. पहिल्याच दिवशी दुपारी बारा वाजता "जेवले का?" असे अकरा संदेश आले होते. नंतर कमी झाले. मोबाइल नसल्याचा फायदा मला तिथे गेल्यावर दिसला: मुलांच्या वह्या भरल्या.

नागपूरहून सिंगापूरला थेट विमान नाही. दुरंतोने मुंबई, तिथून साडेपाच तासांची रात्र, आणि घड्याळ अडीच तास पुढे. इमिग्रेशनच्या रांगेत संमतिपत्रांची फाइल मी छातीशी धरून उभी होते. तिथल्या साहेबांनी दोन पानं उलटली आणि परत दिली. चांगी विमानतळावर उतरल्यावर मुलांनी पहिलं काय पाहिलं असेल तर नळ. "मॅडम, हे पिऊ शकतो?" पिऊ शकतो म्हटलं. निम्म्यांनी बाटल्या भरल्या. उरलेल्यांना आईने शपथ घातली होती. दुकानात पाण्याची बाटली दोन डॉलरला दिसली, डॉलर तेव्हा ६३-६४ रुपयांच्या घरात होता. सव्वाशे रुपयांचा हिशेब झाल्यावर शपथा सुटल्या.

मेट्रो आमच्या मुलांना नवी नाही, पण तिथली गर्दी आणि जिन्यांची खोली नवी. प्रत्येकाला जोडीदार लावून दिला होता आणि एकच नियम पाठ करून घेतला होता: गाडीत राहिलात तर पुढच्या स्टेशनवर उतरा आणि फलाटावर तिथेच उभे राहा, शोधायला जाऊ नका. लिटिल इंडियाहून निघून डोबी घाटला उतरलो, दारं मिटली, आणि काचेपलीकडे आमच्या दोघी मुली राहिल्या. गाडी गेली. सर लगेच मागच्या गाडीत चढले. पुढच्या क्लार्क की स्टेशनवर दोघी भिंतीला टेकून, हातात हात घालून उभ्या होत्या. एक रडत होती आणि दुसरी तिला नियम पुन्हा म्हणून दाखवत होती. सगळं मिळून दहा मिनिटांचं प्रकरण. माझे पाय मात्र संध्याकाळपर्यंत थरथरत होते.

सांडपाणी शुद्ध करून केलेल्या पाण्याला तिथे नीवॉटर म्हणतात. त्याचं बेडोकचं अभ्यागत केंद्र २०२४ मध्येच बंद झालं होतं. सांडपाण्यापासून पिण्यायोग्य पाणी कसं होतं ते आम्हाला मरीना बराजवरच्या गॅलरीत समजून घ्यावं लागलं: आधी बारीक पडद्यांतून गाळणं, मग रिव्हर्स ऑस्मोसिस, मग अतिनील किरण. २००३ पासून हे पाणी तयार होतं. गाइड म्हणाली की याचा बराचसा भाग चिप तयार करणाऱ्या कारखान्यांना आणि थंडाव्यासाठी जातो, कोरड्या दिवसांत थोडं जलाशयांत मिसळतात. आमच्यातला एक जण जोरात म्हणाला, "म्हणजे कोराडीच ना!" गाइडला कोराडी कळलं नाही. त्याने तिला ते इंग्रजीत सांगितलं, अडखळत, हातवारे करत, भांडेवाडीच्या वासासकट. मी मध्ये पडले नाही. तिने त्याला दोन प्रश्न विचारले आणि त्याने दोन्हीची उत्तरं दिली.

बराजच्या गच्चीवर हिरवळ आहे आणि लोक तिथे पतंग उडवतात. आमची पोरं संक्रांतीला गच्चीवरून खाली न उतरणारी. त्यांना कोणी कोणाचा पतंग काटत नाही हेच पटेना. तेवढ्यात आभाळ भरून आलं. नोव्हेंबरात तिथे दुपारी असं येतं. विजा चमकायला लागल्यावर गच्ची रिकामी केली आणि आम्ही खाली आडोशाला थांबलो. पाऊस असा कोसळला की समोरचे उंच मनोरे दिसेनात. त्या पावसात गाइडने बराजचं काम समजावलं, आणि ते ऐकायला यापेक्षा योग्य वेळ मिळाली नसती. मरीना खाडीच्या तोंडावर ३५० मीटर रुंदीचा हा बांध २००८ मध्ये झाला. आत गोडं पाणी, बाहेर समुद्र. शहराचा जवळपास सहावा भाग, १०,००० हेक्टर, इथे उतरतो. मोठा पाऊस आला आणि समुद्राला ओहोटी असेल तर नऊ पोलादी दरवाजे खाली करतात, पाणी आपोआप बाहेर जातं. भरती असेल तर दरवाजे उघडून उपयोग नाही, उलट समुद्र आत येईल. मग सात मोठे पंप पाणी उपसून बाहेर टाकतात. चायनाटाउन, बोट की हा सखल भाग त्यामुळे वाचतो.

जिच्या घरात फ्रिज आडवा झाला होता ती मुलगी तोवर एक शब्द बोलली नव्हती. तिने विचारलं, "मग आता तुमच्याकडे पूर येतच नाही?" गाइडने टाळाटाळ केली नाही. बराज झाल्यानंतरही २०१० मध्ये ऑर्चर्ड रोडवर पाणी भरलं, तिथल्या झगमगीत दुकानांच्या तळघरांत. नाल्याच्या बोगद्यात कचरा अडकला होता. नंतर त्यांनी बॉटॅनिक गार्डन्सजवळ जमिनीखाली पाणी थोपवायची मोठी टाकी बांधली आणि पाणी वळवणारा नवा कालवा काढला, ते २०१८ मध्ये पुरं झालं. मुलीने वहीत लिहिलं: 'यांच्याकडेही कचरा अडकतो.' मग खाली आणखी एक ओळ: 'पण नंतर टाकी बांधली.' मी ते वाचून काही बोलले नाही. सिंगापूर म्हणजे स्वर्ग असं समजून मुलं परतावीत असं मला वाटत नव्हतं, आणि ते काम गाइडने परस्पर केलं.

सगळ्यात जास्त वेळ आम्ही बिशान पार्कमध्ये घालवला. ठरवलं होतं दीड तास, गेली अख्खी सकाळ. इथे कलांग नदी पूर्वी २.७ किलोमीटरच्या सरळ काँक्रीटच्या नाल्यातून वाहायची. तो नाला फोडून २०१२ मध्ये तिला गवताच्या उतारांचं, वळणं घेणारं पात्र दिलं. निघालेल्या काँक्रीटच्या लाद्यांचं त्याच बागेत एक टेकाड केलंय. एरवी पात्र अरुंद असतं, लोक काठावर बसलेले असतात. पाऊस आला की पाणी बागेत पसरतं, आणि त्याआधी भोंगे व दिवे लोकांना वर जायला सांगतात. नागपूरच्या मुलांना इथे समजावून सांगायला मला काहीच उरलं नाही. नाग नदीची भिंत आठवा, एवढंच म्हटलं.

एक जण काठावर पोटावर पडला होता. कंपासपेटीतला कोनमापक उलटा धरून त्याच्या मध्यबिंदूला दोरा बांधला होता आणि दोऱ्याला खोडरबर. उताराच्या कडेने पट्टी ठेवायची, तिला कोनमापक टेकवायचा आणि दोरा नव्वदच्या आकड्यापासून किती सरकतो ते सांगायचं. जोडीदार लिहून घेत होता. तीन ठिकाणचे उतार मोजून झाल्यावर त्याने मला विचारलं, "मॅडम, आपल्या भिंतीचा किती असेल?" जोडीदाराने परस्पर उत्तर दिलं, "नव्वद आहे बे, भिंत आहे थे."

जेवणाचं फार काही सांगण्यासारखं नाही. सेरांगून रोडवर दिवाळीची रोषणाई अजून लटकत होती, इडली-डोसा मिळत होता, आणि हॉकर सेंटरमध्ये आपला ट्रे आपण उचलून ठेवायचा नियम २०२१ पासून सक्तीचा आहे. मुलांनी ट्रे ठेवले. घरी परत गेल्यावर आया मला विचारत होत्या की तिथे काय जादू केली. जादू दंडाची होती. सिटी गॅलरीतल्या शहराच्या भल्यामोठ्या प्रतिकृतीसमोर मात्र पोरं रेंगाळली, अजून बांधायच्या इमारतीही तिथे ठेवलेल्या असतात म्हणून. गार्डन्स बाय द बेचे दिवे सगळ्यांना आवडले, मलाही. युनिव्हर्सलबद्दल दोघा-तिघांनी शेवटपर्यंत कुरकुर केली आणि मी त्यांना दोष देत नाही.

परतल्यावर आधी हिशेब. अडीअडचणीसाठी ठेवलेले पैसे फारसे लागले नाहीत, ते परत केले. टीसीएसची प्रमाणपत्रं, म्हणजे फॉर्म २७ ड, कंपनीकडून काढायला फोनवर फोन करावे लागले. आम्ही शेवटचा हप्ता त्यासाठीच अडवून ठेवला होता.

डिसेंबरात मुलांनी शाळेच्या हॉलमध्ये पालकांसमोर सगळं मांडलं. उतार मोजणाऱ्याने फळ्यावर नाग नदी आणि कलांगचे छेद शेजारी शेजारी काढले. 'नाला बघायले?' म्हणणारे बाबा दुसऱ्या रांगेत बसले होते. त्यांनी हात वर केला. "मग अंबाझरीले तसे दरवाजे बसवले तर?"

"दरवाजे नुसते बसवून होत नाही काका," मुलगा म्हणाला. "पाऊस यायच्या आधी पाणी सोडून जागा करून ठेवावी लागते."

"अन् सोडलं, मग पाऊस आलाच नाही तर? प्यायचं काय?"

"अंबाझरीचं पाणी आपण पीत नाही. आपण पेंचचं पितो."

मागून एका आईने विचारलं, "मग पेंच आत्ता किती भरलंय?" हॉलमध्ये कोणालाच सांगता आलं नाही, मलाही नाही. तो आकडा दर आठवड्याला काढून फलकावर लिहायचं काम सध्या नववी ब कडे आहे.